हिस्तियायाची अप्सरा की खेर्सोनीसचा सिंह?

पहिलंच ग्रीक चांदीचं नाणं घ्यायचंय, पण अथेन्सचं घुबडाची छाप असलेलं नाणं खिशाला परवडत नाही. अशांना मी दोन नाणी सुचवतो: हिस्तियायाचं चार ओबोलचं आणि थ्रेसमधल्या खेर्सोनीसचं, म्हणजे आजच्या गॅलिपोलीचं, अर्ध्या ड्राख्माचं (ओबोल आणि ड्राख्मा ही ग्रीक चलनाची एककं; सहा ओबोलांचा एक ड्राख्मा). दोन्ही साधारण दोन-अडीच ग्रॅमची. नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या साठ्यातली क्षत्रप राजा नहपानाची चांदीची नाणी पाहिली असतील, तर आकाराचा अंदाज येईल.

हिस्तियाया हे ग्रीसमधल्या युबिया बेटाच्या उत्तर भागातलं शहर. इ.स.पू. 446 मध्ये अथेन्सनं तिथल्या लोकांना हुसकावून आपली माणसं वसवली. पुढे शहराला ओरेओस म्हणू लागले, पण इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांतल्या या नाण्यांवर नाव जुनंच. एका बाजूला द्राक्षवेलीची पानं माळलेली अप्सरा. होमरनंही हे गाव द्राक्षांनी लगडलेलं म्हटलंय. दुसऱ्या बाजूला तीच जहाजाच्या मागच्या टोकावर बसलेली, हातात जहाजाचा ध्वजदंड. एवढ्याशा चकतीत इतकं कोंबल्यावर कधी जहाज कापलं जातं, कधी अक्षरं. म्हणून चकाकीपेक्षा छाप मध्यावर बसलाय का, ते आधी बघा.

ही नाणी अमाप पाडली गेली. डेलोस बेटावरच्या मंदिराच्या याद्यांत त्यांची नोंद आहे, आणि प्राचीन काळातच त्यांच्या नकलाही झाल्या. काही अभ्यासक त्या नकला मॅसिडोनियाचा राजा पर्सेउस यानं रोमशी केलेल्या युद्धाशी (इ.स.पू. 171–168) जोडतात. त्यामुळे ओबडधोबड चेहरा दिसला म्हणून नाणं लगेच बाजूला टाकू नका. तेही त्याच काळातलं असू शकतं. विक्रेत्यानं मात्र ते नकल म्हणूनच विकायला हवं.

खेर्सोनीसचं नाणं इ.स.पू. चौथ्या शतकातलं, आणि मांडणी अगदी सुटसुटीत. पुढच्या बाजूला मान वळवून मागे पाहणारा अर्धा सिंह. मागच्या बाजूला चार खणांचा खोलगट चौकोन, त्यात ठिपके, अक्षरं, छोटी चिन्हं. ही चिन्हं सतत बदलतात, त्यामुळे एकावर थांबणं कठीण. मुख्य धोका आधुनिक बनावट नाण्यांचा. त्यांतली काही साच्यात ओतलेली नसून अस्सल नाण्यांसारखीच ठशानं पाडलेली असतात, म्हणून नुसत्या कडेवरून किंवा वजनावरून ती पकडता येत नाहीत.

एकच नाणं घेणार असाल तर माझं मत हिस्तियायाला. मालिका जमवायची असेल तर सिंह घ्या, पण जुन्या लिलावात किंवा संग्रहात नोंद असलेलाच.