मचाणावर बसावं की माग काढत चालावं? ८×४२ दुर्बिणीचा हंगामभराचा अनुभव

दिवाळीनंतर घेतलेली ८×४२ ची (म्हणजे आठ पट जवळ दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) दुर्बीण मी मे अखेरपर्यंत दाजीपूर-राधानगरीच्या रानात आणि रानाला लागून असलेल्या मामांच्या शेतात वापरली. दुर्बीण कशी आहे हे सांगायचं तर ती कुठं बसून किंवा कसं चालत वापरली हे आधी सांगायला लागतं. सांबर आणि भेकर बघायचे दोन रस्ते: मचाणावर वाट बघायची, नाहीतर माग काढत पायी जायचं. दोन्ही करून बघितले, आणि माझं मत आता पक्कं झालंय.

शिकाऱ्यांमध्ये हा वाद जुना आहे. अमेरिकेत झाडाला बांधलेल्या १५-२० फूट उंचीच्या बैठकीवर बसून हरणाची वाट बघतात. स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरांवर तशी झाडंच नाहीत, तिथं लाल हरणाच्या मागावर पायी आणि शेवटी पोटावर सरपटत जातात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, आणि ते फार चांगलं झालं. पण दाजीपूर हे मूळचं कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं राखीव रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. हाका (आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडं पिटाळणं), मचाण, माग हे शब्द इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून आहेत. हातात बंदूक असो की दुर्बीण, सांबराचं नाक आणि कान बदलत नाहीत. त्यामुळं शिकाऱ्यांचा वाद बघणाऱ्यालाही लागू पडतो.

आधी पायी फिरण्याचं. अभयारण्यात मनाला येईल तसं हिंडता येत नाही. परवानगी, सोबत वाटाड्या आणि ठरलेली वाट, एवढंच. थंडीत सकाळी दव असतं, पाचोळा ओला असतो, पाय वाजत नाही. फेब्रुवारी सरला की तोच पाचोळा प्रत्येक पावलाला बोलतो आणि सांबर आपण दिसायच्या आत उठून गेलेलं असतं. पायी चालताना मला सांबर दिसलं ते बहुतेक वेळा पाठमोरं, शेपटी वर करून पळताना. भेकराचं थोडं वेगळं. ते दचकून भुंकतं, चार उड्या मारून थांबतं, वळून बघतं. त्या थांबण्यात दुर्बीण डोळ्याला लावायला वेळ मिळतो. इथं ८ पट बरोबर ठरली. चढून दम लागलेला असताना मित्राची १० पटीची दुर्बीण हातात स्थिर राहत नव्हती, माझीत भेकराच्या कपाळावरच्या काळ्या रेघा दिसत होत्या. दाट झाडीत फांद्यांच्या पल्याडचं शोधायलाही ८ पटीतला रुंद देखावा उपयोगी पडतो.

पण पायी फिरण्याची खरी कमाई खाली बघण्यात आहे. चिखलात लोळलेल्या जागा, लेंड्या, शिंगं घासून साल निघालेली झाडं, पाणवठ्याकडं जाणारी दबलेली वाट. कुठं बसायचं हे यातनंच कळतं. आणि गव्यांचं भान ठेवा. दाजीपुरात वळणावर गवा उभा असणं नवल नाही. एकटा जुना बैल दिसला की दुर्बीण वगैरे विसरून लांबूनच मागं फिरायचं.

आता मचाण. मामांच्या शेतात राखणीचा माळा आहे. सांबरं, गवे, डुकरं पिकात उतरतात म्हणून रात्र-रात्र जागायची ती जागा. त्यांच्यासाठी तो पोटाचा प्रश्न आहे, त्यामुळं राखणीत हात लावूनच मी तिथं बसतो. पहिल्याच सांजेला मामा म्हणाले, "आदी वारं बघ रं, मग बस." चुलीतली राख चिमटीतनं सोडायची आणि ती कुठं जाते ते बघायचं. सकाळी ऊन चढलं की हवा उताराला धरून वर सरकते, सांजेला गार होऊन खाली दरीकडं वाहते. म्हणजे सांजेला जनावर खालच्या अंगाला असेल तर आपला वास थेट त्याच्याकडं जातो. उंचीवर बसलं की वास वरनं निघून जातो असं सगळे सांगतात. ते सपाटीवर बऱ्याच अंशी खरं. डोंगर-उतारावर मात्र वरच्या बाजूनं येणारं सांबर तुमच्या नाकासमोर, तुमच्याच उंचीवर उभं असतं. सह्याद्रीत मचाणाची उंची एवढ्यासाठी जपून मोजावी.

रंगाची फार काळजी करू नका, निळा तेवढा टाळा. हरणाला तांबडा-केशरी नीट ओळखता येत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. त्याहून वाईट म्हणजे हालचाल. म्हणून दुर्बीण मांडीवर ठेवायची नाही. कोपरं कठड्यावर टेकून ती छातीशी धरायची, म्हणजे डोळ्यापर्यंत न्यायला चार बोटांचंच अंतर राहतं.

आणि माळ्यावर जे दिसलं ते पायी कधीच दिसलं नसतं. मादी पिलाला चाटत उभी होती, मधेच कान फिरवून पुढचा पाय जमिनीवर आपटला, मग काही नाही म्हणून पुन्हा चरायला लागली. पायी गेलात की जनावर तुमच्याबद्दल काय करायचं ते ठरवत असतं. माळ्यावरनं ते त्याचं स्वतःचं जगणं जगताना दिसतं. माझ्यासाठी वाद इथंच मिटला. चालायचं ते जागा शोधायला, बघायचं ते बसून.

सांबर बाहेर येतं ते अगदी शेवटच्या उजेडात, आणि दुर्बिणीची परीक्षा तिथंच होते. ४२ ला ८ नं भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, १०×४२ मध्ये तो ४.२ च. दोन्ही शेजारी धरून बघितल्या. मित्राला झाडीत नुसती काळी आकृती दिसत होती, तेव्हा मला शिंगांची टोकं मोजता येत होती.

तक्रारी आहेत. गळ्यातला पट्टा तासाभरात मानेला काचतो, खांद्यावरनं छातीशी बांधायचा पट्टा वेगळा घ्यावाच लागला. भिंगावरची रबरी टोपणं झुडपात अडकून निघतात, एक रानात राहिलं. कोकणाकडनं धुकं चढलं की डोळ्याकडच्या काचेवर श्वासाची वाफ धरते. आत पाणी किंवा बुरशी मात्र अजून नाही, पण खरा पावसाळा तिनं अजून बघितलेला नाही.

फक्त पायी फिरणार असाल तर ८×३२ घ्या, हलकी पडेल. सांजेला बसणार असाल तर ४२ च्या खाली उतरू नका, आणि १० पटीचा मोह असेल तर सोबत तिपाई धरूनच हिशेब करा.