डीव्हीडीस्टायलर, काही महिने वापरल्यावर: मांडणी त्याला द्या, एन्कोडिंग नको

आधी निकाल सांगतो. डीव्हीडी बनवायचं डीव्हीडीस्टायलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि मेनू, चॅप्टर, बटणं यांची मांडणी झकास करतं. मात्र मोबाइलची क्लिप, कॅमेऱ्याची फाइल, जुनी व्हीसीडी असं सगळं एकत्र ओतून "आता तूच बघ" म्हटलं, की घोळ सुरू होतो. फाइल बाहेरून डीव्हीडीच्या मापात तयार करून (म्हणजे एन्कोड करून) दिली, तर क्वचितच अडतं. खालचं सगळं वर्णन या एका गोष्टीभोवती फिरतं.

नागपुरात लग्न-मुंजीचं शूटिंग आता पेन ड्राइव्हवरच देतात, पण एखाद-दोन डीव्हीडीची फर्माईश हमखास येते. गावाकडे टीव्हीखाली जुना प्लेअर असतो, त्याला मोबाइलची एमपी-४ फाइल कळत नाही. आणि हे काम करणारी सॉफ्टवेअर एकेक करून बंद पडली. अडोबी एन्कोर सीएस-६ नंतर निघालंच नाही. विंडोज डीव्हीडी मेकर व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये होतं, विंडोज ८ मध्ये काढून टाकलं. डीव्हीडी फ्लिकचं काम फार आधीच थांबलं. त्यामुळे नव्या मशीनवर फुकटात नीट चालणारं म्हणून डीव्हीडीस्टायलरच हाताशी येतं.

नवीन प्रोजेक्टच्या पहिल्या खिडकीत घाई करू नका. पाल ही आपल्याकडची टीव्ही-पद्धत निवडा (७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम), आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) १६:९, ऑडिओ एसी-३, ४८ किलोहर्ट्झ. हे मागाहून बदलता येतं, पण तोवर बनवलेल्या मेनूची बटणं सरकलेली दिसतात. टेम्पररी फोल्डर ज्या ड्राइव्हवर आहे तिथे किमान १५ जीबी मोकळी जागा ठेवा: एन्कोड झालेल्या फाइली, त्यांतून बनलेलं व्हिडिओ-टीएस हे डीव्हीडीचं फोल्डर आणि वर आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल), असे एकाच मालाचे तीन ढीग तिथे जमतात. जागा संपली की सॉफ्टवेअर "जागा संपली" असं सरळ सांगेलच याचा भरवसा नाही. पुष्कळदा मधलीच एखादी कमांड फसल्याचा संदेश येतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. फाइल आणि फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी, बिनजागेची ठेवा. पडद्यामागे डीव्हीडीऑथर, एफएफएमपेग अशी वेगवेगळी कमांड-लाइन साधनं काम करतात आणि "सौ. ताईंचे लग्न (फायनल) २" असल्या नावावर त्यांपैकी एखादं रुसू शकतं.

आता बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा. "४.७ जीबी"च्या डीव्हीडी-आरवर प्रत्यक्षात ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात, विंडोज तेच ४.३८ जीबी दाखवतं. मल्टिप्लेक्सिंगचा (व्हिडिओ-ऑडिओ एकत्र गुंफण्याचा) खर्च आणि थोडी सुरक्षित जागा सोडली, तर तोंडी हिशेब सोपा आहे: ६,००,००० ला एकूण मिनिटांनी भागा, उत्तर किलोबिटमध्ये येतं, त्यातून ऑडिओचे १९२ वजा करा. ९० मिनिटांना साधारण ६,४५०, दोन तासांना ४,८००, तीन तासांना ३,१००. सॉफ्टवेअरचा "ऑटो" पर्याय हेच गणित करतो आणि लांब कार्यक्रमाला तो चांगला आहे. छोट्या कार्यक्रमाला मात्र तो बिटरेट वर ताणतो. नियमाने व्हिडिओची कमाल ९,८०० आणि सगळं मिळून १०,०८० किलोबिट चालतं, पण घरी लिहिलेल्या डिस्कवर जुना प्लेअर त्या वेगाला नाच, फटाके अशा दृश्यांत अडखळतो. अर्ध्या तासाचा कार्यक्रम असला तरी सरासरी ७,००० आणि कमाल ८,००० च्या वर जाऊ नका. नजरेला फरक दिसत नाही.

उलट बाजूला, ३,५०० च्या खाली उतरलं की स्टेजवरचे एलईडी, जरीची साडी, अक्षतांचा वर्षाव असं सगळं चौकोनी ठोकळ्यांत फुटतं. पूर्व विदर्भातलं झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं. पाच तासांच्या रेकॉर्डिंगला एका डिस्कवर जेमतेम १,८०० किलोबिट वाट्याला येतात. तिथे अंकाच्या मध्यंतराला तोडून दोन किंवा तीन डिस्क करणं हाच मार्ग. ड्युअल लेयर डिस्कचा मोह होतो, पण ती महाग पडते, कित्येक जुने प्लेअर ती वाचत नाहीत, आणि लेयर बदलताना चित्र क्षणभर थबकतं.

एन्कोडिंग बाहेर करायचं म्हणजे एफएफएमपेग. त्यात डीव्हीडीसाठी तयार "टार्गेट" पर्याय आहे. "पाल-डीव्हीडी" हे टार्गेट दिलं की ७२० × ५७६, २५ फ्रेम, १५ फ्रेमचा जीओपी (एकत्र दाबलेला फ्रेमचा गट), एसी-३, ४८ किलोहर्ट्झ हे सगळं आपोआप बसतं. त्याचा मूळ व्हिडिओ बिटरेट ६,००० आणि ऑडिओ ४४८ असतो. ऑडिओ १९२ किंवा २२४ वर आणा, भाषणं आणि बँडबाजा दोन्हींना तेवढं पुरतं. आस्पेक्ट १६:९ वेगळं लिहायला विसरू नका, नाहीतर माणसं उभी ताणलेली दिसतात.

इथे तीन दुखणी पुन्हा पुन्हा येतात.

पहिलं, मोबाइलची क्लिप. फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम टिपत नाही. उजेड कमी झाला की गती घसरते. अशी फाइल तशीच दिली की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, वीसेक मिनिटांनी आवाज पुढे किंवा मागे. त्यावर ऑडिओ डिले देऊन उपयोग नाही, कारण चूक वाढत जाणारी असते. आधी हँडब्रेक या व्हिडिओ-कन्व्हर्टरमध्ये "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून २५ वर फाइल बनवा, गुणवत्ता चढी ठेवा, मग डीव्हीडीकडे वळा. सगळंच शूटिंग मोबाइलचं, ३० फ्रेमचं असेल तर पालचा हट्ट सोडून एनटीएससी ही अमेरिकी पद्धत घ्या. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर ते चालवतात. चित्राच्या आडव्या ओळी ५७६ ऐवजी ४८० होतात, पण ३० चे २५ करताना पॅनिंगला (कॅमेरा आडवा फिरताना) बसणारे धक्के टळतात.

दुसरं, १०८०-आय कॅमेऱ्याचं फुटेज. हे इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत (फील्डमध्ये) टिपलेली असते, आणि वरची फील्ड आधी येते; जुन्या मिनी-डीव्ही टेपचं पाल फुटेज मात्र खालची फील्ड आधी देतं. फील्डचा क्रम उलटा लागला की चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. संगणकाच्या पडद्यावर हे सहजासहजी कळत नाही, ट्यूबच्या टीव्हीवर लगेच. त्याहून वाईट म्हणजे इंटरलेस्ड चित्र डीइंटरलेस न करता साध्या पद्धतीने आकारात लहान करणं. दोन्ही फील्ड एकमेकींत मिसळतात, हलत्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात आणि ते नंतर काढता येत नाहीत. एफएफएमपेगच्या स्केल फिल्टरला इंटरलेस्ड मोड आहे, तो चालू करा. डीव्हीडीस्टायलरमध्ये व्हिडिओच्या प्रॉपर्टीत "इंटरलेस्ड" आणि "फर्स्ट फील्ड" हे दोन खाने आहेत, तेही स्रोताशी जुळवून घ्या.

तिसरं, ५०-पी. सेकंदाला ५० फ्रेमचं फुटेज सरळ २५ केलं की लेझीम आणि ढोल-ताशाचा सगळा वेग मचूळ होतो. इंटरलेस फिल्टर लावून त्याचं ५०-आय (सेकंदाला ५० फील्ड) करा, डीव्हीडीच्या मापात ते बसतं आणि हालचाल पूर्ण राहते. फरक मोठा आहे, पण हे करणारे फार थोडे.

तयार फाइल डीव्हीडीस्टायलरमध्ये ओढली की टायटलवर (डिस्कवरच्या त्या व्हिडिओवर) डबल क्लिक करून व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हींच्या फॉरमॅटमध्ये "कॉपी" आहे ना, ते तपासा. नसेल तर ते पुन्हा एन्कोड करणार. वेळही जाईल आणि चित्रही खालावेल. दोन तासांच्या कार्यक्रमाचं काम काही मिनिटांत आटोपलं तर कॉपी झाली, तासभर लागला तर नाही. कॉपीत एक अडचण कधीकधी येते: "एससीआर मूव्ज बॅकवर्ड्स, रीमल्टिप्लेक्स इनपुट" असा संदेश आणि काम बंद. फाइलच्या आतली वेळेची नोंद मध्येच मागे गेलेली असते, बहुधा दोन फाइली नुसत्या एकापुढे एक जोडल्यामुळे. एन्कोडिंग पुन्हा करायची गरज नाही. एफएफएमपेगने व्हिडिओ-ऑडिओ न बदलता नवीन डीव्हीडी-व्हॉबमध्ये (डीव्हीडीच्या व्हिडिओ फाइलमध्ये) भरा. टायटलला "रीमल्टिप्लेक्स करू नये" अशा अर्थाची खूण लागली असेल तर तीही काढा.

मेनूच्या बाबतीत मराठी माणसाला खास काळजी घ्यावी लागते. मेनूवरचं सगळं मराठी लेखन सॉफ्टवेअरच्या आत टाइप करण्यापेक्षा इंकस्केप किंवा जिंपमध्ये चित्र म्हणून बनवा: १६:९ साठी १०२४ × ५७६, ४:३ साठी ७६८ × ५७६. मजकूर पत्रिकेवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये आला असेल तर आधी युनिकोड करून घ्या. चारही कडांना १० टक्के जागा रिकामी सोडा, जुने टीव्ही कडा खातात. हे चित्र पार्श्वभूमीला लावा आणि त्यावर फक्त चौकटीची किंवा बाणाची बटणं ठेवा. कारण असं, की बटण उजळतं ते चित्रावरच्या वेगळ्या, सबपिक्चरच्या थरात आणि त्या थराला पारदर्शक धरून चारच रंग मिळतात. मात्रा, वेलांटी, रफार यांच्या बारीक रेषा चार रंगांत दातेरी होतात. बाण किंवा चौकट स्वच्छ दिसते. दोन बटणांचे चौकोन एकमेकांवर चढू देऊ नका, रिमोटचा बाण भलत्याच बटणावर जातो.

सबटायटलचंही तेच. एसआरटी (सबटायटलच्या मजकुराची) फाइल जोडायची सोय आहे, पण ती चित्रित करणारं साधन अक्षरं एकामागून एक ठेवत जातं. जोडाक्षरं सुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते. मराठी सबटायटल एन्कोडिंगच्या वेळीच एफएफएमपेगच्या सबटायटल फिल्टरने चित्रात छापून टाका. त्यामागची लिबास लायब्ररी देवनागरी नीट जुळवते. बंद-चालू करता येणार नाहीत, पण वाचता तरी येतील.

आवाज असलेला मेनू एकदा वाजून गप्प होतो. तो फिरत ठेवायचा तर मेनूच्या प्रॉपर्टीत विराम ० करा आणि पोस्ट कमांडमध्ये (शेवटी चालणाऱ्या सूचनेत) पहिल्या सेलवर, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्यावर, उडी द्या. प्रत्येक टायटलच्या पोस्ट कमांडमध्ये मेनूला परतण्याची सूचना आहे का तेही पाहा. चॅप्टर हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं असे प्रसंगानुसार टाका, दर पाच मिनिटांनी नको. चॅप्टर जवळच्या जीओपीच्या सुरुवातीला चिकटतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा इकडेतिकडे फरक गृहीत धरा.

जुनं ४:३ आणि नवं १६:९ फुटेज एका डिस्कवर हवं असेल तर दोन्ही एका टायटलसेटमध्ये (टायटलच्या गटात) टाकू नका. एका टायटलसेटमधल्या सगळ्या व्हिडिओंचं आस्पेक्ट एकच असावं लागतं. दुसरा टायटलसेट जोडा. एका टायटलसेटमधून दुसऱ्यात उडी मारायची तर डीव्हीडीच्या पर्यायांत जंपपॅड चालू करा.

थेट बर्न कधीच करू नका. आयएसओ बनवा, व्हीएलसीमध्ये प्रत्येक बटण दाबून बघा, मग इमेजबर्नने लिहा आणि "व्हेरिफाय" चालू ठेवा. व्हीएलसी फार क्षमाशील आहे, ते चालवतं म्हणजे प्लेअर चालवेलच असं नाही. त्यामुळे पहिली प्रत डीव्हीडी-आरडब्ल्यूवर लिहून खऱ्या प्लेअरवर लावून पाहा. १६एक्सच्या डिस्कला ८एक्स वेग योग्य. १एक्स-२एक्सवर लिहिलं की चांगलं होतं हा जुना समज आता लागू नाही. आयएसओ पेन ड्राइव्हवर न्यायची असेल आणि "फाइल फार मोठी" असं आलं, तर ड्राइव्ह फॅट-३२ आहे. त्यावर ४ जीबीची एक फाइल मावत नाही. एक्सफॅट करा.

डिस्कवर कागदी स्टिकर लावू नका. आपल्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कागद आणि पॉलिकार्बोनेट सारखे ताणले जात नाहीत, डिस्क किंचित वाकते आणि काठाकडचा, म्हणजे शेवटचा भाग अडकतो. विदाई तिथेच असते. लिहायला सीडी मार्कर वापरा, बॉलपेन नको. गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात ठेवू नका. लिहिता येणाऱ्या डिस्कचा सेंद्रिय रंग ऊन आणि उष्णता दोन्हींनी खराब होतो.

एक वेगळीच गफलत: सीसीटीव्हीचं फुटेज कोर्टात द्यायचं म्हणून काही जण त्याची मेनूवाली व्हिडिओ डीव्हीडी करून मागतात. तसं करू नका. ऑथरिंगमध्ये फाइल पुन्हा एन्कोड होते, म्हणजे मूळ फाइल राहतच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) लिहावी लागते, आणि एन्कोड केलेल्या फाइलची हॅश मूळ फाइलशी जुळणार नाही. डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून) निघालेली फाइल जशीच्या तशी डेटा डिस्कवर लिहा, हॅश आधीच काढून ठेवा. त्या कामाला डीव्हीडीस्टायलर उघडायचंच नाही, इमेजबर्न एकटं पुरेसं आहे.