म्युन्स्टरचे शांतता-सभागृह : एका मुत्सद्द्याच्या शोधात

जर्मनीतील म्युन्स्टरच्या जुन्या नगरभवनातले हे सभागृह अपेक्षेपेक्षा बरेच लहान आहे. लाकडी नक्षीकाम न्याहाळत रेंगाळले, तरी अर्ध्या तासात पाहून होते. खरे आकर्षण भिंतींवरील मुत्सद्द्यांची, म्हणजे पेशवाईच्या भाषेत वकिलांची, व्यक्तिचित्रे.

त्यांतील नासाउ-हाडामारचा योहान लुडविग (१५९०–१६५३) मला विशेष वाटतो. हा कॅल्विनपंथीय (म्हणजे प्रोटेस्टंट) सरदार आपली जहागीर वाचवण्यासाठी १६२९ मध्ये व्हिएन्नाला गेला, तिथे कॅथलिक झाला आणि पुढे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट तिसरा फर्डिनंड याचा प्रतिनिधी म्हणून याच शहरात वाटाघाटींना बसला. दोन्ही पंथांची नस ठाऊक असलेला माणूस निवडण्यात दरबाराचे धूर्तपण दिसते. २४ ऑक्टोबर १६४८ रोजी तीस वर्षांचे युद्ध संपवणाऱ्या तहावर त्याची सही झाली, आणि १६५० मध्ये त्याला प्रिन्स (जर्मन ‘फ्युर्स्ट’) ही पदवी मिळाली.

मात्र तो तह या दालनात झाला, असा अनेकांचा समज असतो. इथे १५ मे १६४८ रोजी शपथ घेतली गेली, ती स्पेन आणि डच प्रजासत्ताक यांच्या तहाची. हे आधी वाचून गेल्यास भेट अधिक सार्थकी लागते.