लॉजिटेक जी२९ सोबत शिफ्टर घ्यावा का?

लॉजिटेकच्या जी२९ या स्टीअरिंग-पेडल संचासोबत सहा गिअरचा स्वतंत्र शिफ्टर, म्हणजे हाताने गिअर टाकायचा दांडा, घ्यावा की नाही, हे आपण सिम्युलेटरवर कोणत्या काळातली रेसिंग कार चालवणार आहोत यावरच ठरते.

आजची फॉर्म्युला कार चालवायची असेल, तर शिफ्टरवर पैसे घालू नयेत. १९८९ साली स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणाऱ्या फेरारी ६४० ने ब्राझीलची शर्यत जिंकली आणि फॉर्म्युला वनमध्ये ही पद्धत रुजत गेली. अशा गाड्यांच्या सिक्वेन्शियल गिअरबॉक्समध्ये गिअर क्रमानेच पडतात. वरचा गिअर टाकताना इंजिनाचा जोर निमिषभर तोडला, की क्लच न दाबताही तो बसतो आणि क्लच लागतो तो मुख्यतः जागेवरून निघताना. जी२९ च्या धातूच्या पट्ट्या या कामाला चोख आहेत. खऱ्या फॉर्म्युला वन कारमध्ये क्लचही हातानेच सोडतात, इथे तो पायाने सोडावा लागतो, एवढे चालवून घ्यावे.

शिफ्टरचे खरे चीज होते ते १९६७ च्या लोटस ४९ सारख्या, दांड्याने गिअर बदलायच्या जुन्या फॉर्म्युला वन गाडीत. वळणाआधी खालचा गिअर टाकताना उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर दाबून धरायचा, डाव्या पायाने क्लच दाबायचा आणि उजव्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी देऊन इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) चाकांच्या वेगाशी जुळवायचे. ते जुळले नाहीत, तर क्लच सोडताच मागची चाके अडखळतात आणि गाडी गर्रकन फिरू शकते. जी२९ च्या ब्रेकखाली रबरी ठोकळा असल्यामुळे ते पेडल कडक आहे, म्हणून चवडा टेकवून पाय तिरका करणे जमते. पेडलच्या बैठकीचे दात गालिच्यासाठी आहेत. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर बैठक सरळ भिंतीला टेकवावी.

मर्यादा आहे ती क्लचच्या पेडलची. आत फक्त स्प्रिंग आणि सेन्सर असल्याने क्लच नेमका कुठे पकडतो हे पायाला कळत नाही, आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवावी लागते. शिफ्टरचेही तेच. रेसिंग गिअरबॉक्समध्ये बहुधा सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नसतो, डॉग म्हणजे जाड दाते एकमेकांत अडकतात आणि चाचरत टाकलेल्या गिअरने त्यांच्या कडा झिजतात. इथला दांडा मात्र कसाही ढकलला तरी हाताला अडत नाही. तेव्हा शिफ्टर घेतलाच, तर सिम्युलेटरमध्ये गिअरबॉक्सच्या नुकसानीची सोय असल्यास ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी, नाहीतर हाताला ढिलाईची सवय लागते.