आधी प्यादी की सगळा पट? मुलांना बुद्धिबळाच्या चाली शिकवताना

घरात नवा पट आला की पहिल्याच संध्याकाळी ठरवावं लागतं. बत्तीसही मोहरे मांडून सगळ्या चाली एका बैठकीत सांगायच्या, एकेक मोहरा घेऊन छोटे डाव खेळवायचे, की मुलाच्या हातात मोबाइल द्यायचा? आमच्या सोसायटीत दर रविवारी मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. तिन्ही वाटांनी जाऊन पाहिलं आहे. माझा कौल एकेका मोहऱ्याला, आणि त्यातही प्याद्याला आहे. पण सरसकट सगळ्यांसाठी नाही.

शिकणारा मोठा असेल आणि आज रात्रीच डाव मांडायचा असेल, तर सगळा पट एकदम सांगा. अर्ध्या तासात चाली होतात, पहिला डाव चुकतमाकत निभतो. शह आणि मात पहिल्या दिवशीच भेटत असल्याने हे सगळं कशासाठी चाललंय तेही लगेच कळतं. सहा-सात वर्षांच्या मुलाचं मात्र असं होत नाही. उंट सरळ जायला लागतो, हत्ती तिरका. थोड्या वेळाने मूल फक्त वजीरच हलवत बसतं. त्याचंही बरोबरच आहे. मोकळ्या पटाच्या मध्यावरून वजिराला 27 घरं मिळतात, घोड्याला 8. जो सगळीकडे पोचतो तोच हातात धरावासा वाटणार. बाकीचे मोहरे जागेवरून उठतच नाहीत.

एकेक मोहरा घ्यायचा ठरवलं तरी सुरुवात कुठून, यावर शिकवणाऱ्यांत मतभेद आहेत. बरेचजण हत्तीपासून करतात. त्याची चाल सरळ, आणि रिकाम्या पटावर कुठेही ठेवला तरी त्याला 14 घरं मिळतात. मुलांना मोजायला लावा, दोन-तीनदा मोजून झालं की त्यांचा चेहरा फुलतो. मग उंट ठेवा: कोपऱ्यात 7, मध्यावर 13. मोहरा मध्यावर का आणायचा, हे न सांगता समजतं. पद्धत चांगलीच आहे.

तरीही मी प्याद्यापासून करतो, कारण दिसायला सगळ्यांत साधं असलेलं प्यादंच चालीला सगळ्यांत अवघड आहे. बाकीचे मोहरे जसे चालतात तसेच मारतात. प्यादं चालतं सरळ आणि मारतं तिरकं. पहिल्या खेळीला हवं तर दोन घरं, नंतर एकेकच. मागे कधीच नाही. शेवटच्या ओळीत पोचलं की बदलायचं, बहुतेक वेळा वजीर करायचा. इतके अपवाद इतर पाच मोहऱ्यांच्या गर्दीत सांगितले तर एकही लक्षात राहत नाही.

म्हणून पहिल्या रविवारी पटावर फक्त आठ-आठ प्यादी. पांढरा सुरू करतो, ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. दोन्हीकडची प्यादी अडकून बसली तर बरोबरी, हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर भांडण होतं. परवा एका मुलीने समोरासमोर आलेलं प्यादं सरळ पुढे ढकलून मारलं. मी काही बोलायच्या आत समोरचा मुलगा म्हणाला, "अगं, ते नाकासमोरचं नाही मारत, खांद्याजवळचं मारतं." असं वाक्य मला सुचलं नसतं. आता मी तेच वापरतो.

या पद्धतीतला दोष खरा आहे. तीन-चार आठवडे मारामारीचेच डाव खेळलेलं मूल राजा पटावर आला तरी शह बघत नाही, मारता येईल ते मारत सुटतं. म्हणून दुसऱ्या रविवारीच प्याद्यांबरोबर दोन्ही राजे मांडायला लागा.

मोबाइलबद्दल थोडक्यात. लिचेससारख्या फुकट संकेतस्थळावर मोहऱ्याने तारे गोळा करत चाली शिकता येतात, एकट्या मुलासाठी ते छान आहे. पण पडदा चुकीची खेळी होऊच देत नाही, त्यामुळे ती चुकीची का हा विचारच होत नाही. खऱ्या पटावर कोणी अडवत नाही. स्पर्धेच्या नेहमीच्या डावात नियमबाह्य खेळी केली तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, आणि दुसऱ्यांदा केली तर सहसा डावच जातो.

आजोबा शिकवणार असतील तर एक गोष्ट आधी बोलून घ्या. जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं. ती चाल शिकल्याने काही बिघडत नाही. देशी पद्धतीने खेळून तयार झालेल्या पंजाबच्या सुलतान खान यांनी 1929, 1932 आणि 1933 मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. फक्त आजोबांचे आणि शाळेचे नियम एकाच आठवड्यात मुलावर येऊ देऊ नका.

घोडा मात्र मी शेवटी आणतो. "अडीच घरं" हे आपल्या कानाला ओळखीचं, पण अर्धं घर कुठलं असं मूल विचारतंच. त्याऐवजी दोन सरळ आणि एक बाजूला असं बोटाने दाखवा, आणि एक खूण द्या: पांढऱ्या घरातून निघालेला घोडा काळ्यातच उतरतो, काळ्यातून निघालेला पांढऱ्यात. चाल चुकली की मूल स्वतःच घराचा रंग बघून घोडा परत उचलतं.