कॅनकून की पुएर्तो वायार्ता?

डिसेंबरच्या सुट्टीत मेक्सिकोला निघालेल्या मावसभावाचं यावरच अडलंय.

समुद्र बघायचा तर कॅनकून. कॅरिबियन पाणी निळंशार, वाळू पांढरी. पण उन्हाळ्यात सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्यावर येऊन कुजतं. वायार्ताची पॅसिफिककडची वाळू काळपट. मात्र डिसेंबर ते मार्च तिथल्या बांदेरास उपसागरात हंपबॅक देवमासे येतात. हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

भटकंतीत कॅनकून सरस. चिचेन इत्सा इथला प्राचीन माया लोकांचा पिरॅमिड साधारण 200 किलोमीटरवर, वाटेत सेनोते, म्हणजे चुनखडी खचून झालेले गोड्या पाण्याचे डोह. वायार्तात जुनं गाव आणि समुद्रालगतचा मालेकोन, म्हणजे फिरायचा रस्ता, पायीच फिरायचा.

खाणं? कॅनकून ज्या युकातान द्वीपकल्पावर आहे, तिथली कोचिनिता पिबिल, म्हणजे आचिओते (लाल रंगाच्या बियांचं वाटण) आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून, केळीच्या पानात गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात शिजवलेलं डुकराचं मांस. वायार्तात पेस्कादो सारांदेआदो: मासा मधोमध उघडून, मिरचीचं वाटण चोपडून निखाऱ्यावर भाजलेला. मासेखाऊ कोकणी माणसाने दुसरा सोडू नये. शाकाहाऱ्यांनी दोन्हीकडे राजम्यात डुकराची चरबी आहे का, हे आधी विचारावं.

पहिलीच खेप आणि माया अवशेष बघायचेत, तर कॅनकून. निवांत गाव, मासे आणि देवमासे हवेत, तर वायार्ता.