कोळंबीसाठी बीटा-ग्लुकन पावडर: पूर्ण हंगाम वापरल्यावर

काढणीनंतर थोड्याच वेळात कोळंबीच्या डोक्याशी काळे डाग धरले आणि एक तारा देऊन मोकळं व्हायचं ठरवलं. डब्यावर ठळक अक्षरांत 'फिनॉलऑक्सिडेज वाढवते' असं छापलंय, आणि डाग पाडणारं एन्झाइमही नेमकं तेच!

पण त्याचा राग पावडरीवर काढण्यात अर्थ नाही. कोळंबीकडे अँटिबॉडीज नसतात. हे एन्झाइम तिच्या रक्तपेशींत निष्क्रिय रूपात साठवलेलं असतं. बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं ग्लुकन समोर आलं की ते जागं होतं आणि जंतूभोवती मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, जमतं. पावडरीत तेच ग्लुकन, म्हणजे लुटुपुटीचा हल्ला. कोळंबी मेल्यावरही एन्झाइम चालूच राहतं. बर्फ आणि मेटाबायसल्फाइटला (डाग रोखणारं रसायन) उशीर झाला की डाग पडणारच, पावडर द्या वा नका देऊ. म्हणून तारे वाढवतोय.

आता खरं भांडण: बाइंडर, म्हणजे पावडर खाद्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. एवढी महागडी पावडर, ती खाद्याला चिकटतच नाही! चेक ट्रे (खाद्य किती खाल्लं ते पाहायचं ताट) पाण्यात सोडला की भोवती पांढुरका ढग. कोळंबीच्या पोटात किती जातं आणि तळ्याला किती अंघोळ घडते, देव जाणे. ग्राहक सेवेला फोन केला, तर म्हणे तेल लावा. कोणतं, किती? उत्तरादाखल पीडीएफ आली. त्यात कोळंबीचा सुरेख फोटो, तेलाचं प्रमाण कुठेच नाही. दोन रुपयांचं बाइंडर घालायला यांचं काय जातं?

मुसळधार पावसाने तळ्याच्या पाण्याचा खारेपणा एकदम उतरला तेव्हा पावडरीचा काडीचा उपयोग दिसला नाही. त्यामागे दुसरं एन्झाइम आहे, टायरोसिन हायड्रॉक्सिलेज. अशा ताणात त्याच्यापासून सुरू होणाऱ्या साखळीतून डोपामिन, नॉरअॅड्रिनलिन ही ताणाची रसायनं तयार होतात. रक्तातली साखर चढते, प्रतिकार ढिला पडतो. व्हॅनामेई कोळंबीत याचा जनुक प्रयोगात दाबला, तर ताणाची रसायनं घटली आणि रक्तपेशी जास्त तडफेने लढल्या. म्हणजे पावडरीचा पाय अॅक्सिलरेटरवर, ताणाचा ब्रेकवर. डब्यावर याबद्दल अवाक्षर नाही. अशा वेळी आधी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र), खाद्य कमी, पावडर नंतर.

रोज तर देऊच नका. सलग दिल्यास प्रतिसाद मंदावतो, शिवाय खर्च. मी आता आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी देतो, तेही हवा बिघडण्याआधी. तीन तारे. उरलेला डबा संपवेन, पण बाइंडरशिवाय दुसरा घेणार नाही.